टीव्हीसमोरच्या मुलाच्या शेजारी कोण बसतं?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

लहान मुलांनी टीव्ही बघावा की बघू नये, यावर गेले काही आठवडे आपल्या पत्रव्यवहाराच्या पानावर बरीच पत्रं येत आहेत. काहींनी टीव्ही घरातून काढला आणि मुलं सुधारली, असं लिहिलं. काहींनी उलट लिहिलं, की आमची मुलगी तीन वर्षांची व्हायच्या आत टीव्हीवरून रंग, आकडे, एबीसीडी सगळं शिकली. मी विट्यात बरीच वर्षं बालवाडी चालवली. आता निवृत्त आहे, पण आसपासच्या अंगणवाड्यांतून बोलावणं आलं की जाते, पालकांच्या बैठका घेते. ही सगळी पत्रं मी मन लावून वाचली. मूल किती वेळ बघतं आणि काय बघतं याची चर्चा त्यांत आहे. ते बघत असताना त्याच्या शेजारी कोण बसलेलं असतं, हे मात्र एकाही पत्रात नाही. शिकण्याचा सगळा प्रश्न माझ्या मते तिथेच अडला आहे. म्हणून हे पत्र जरा लांबलं तरी छापावं, ही विनंती.

आधी आकड्यांचं सांगते. बैठकीला आलेली आई पहिल्याच दिवशी कौतुकाने म्हणते, "बाई, आमचा बारक्या वन टू करत ट्वेंटीपर्यंत जातोय बघा. टीव्ही बघूनच शिकला, आम्ही काय शिकवलं न्हाई." पोरगं खरोखर म्हणून दाखवतं, चालीत, हातवारे करून. मी शाबासकी देते. मग त्याच्यापुढे भुईमुगाच्या शेंगांची वाटी ठेवते आणि म्हणते, "मला तीन शेंगा दे बघू." पोरगं मूठ भरून शेंगा माझ्या हातावर टाकतं. "किती दिल्यास? मोज बरं," म्हटलं की वन, टू, थ्री सुरू होतं. तोंड एटपर्यंत जातं तेव्हा बोट अजून पाचव्या शेंगेवर असतं. "मग ह्यातल्या तीन कुठल्या?" विचारलं की ते आईकडे बघायला लागतं. आईचा चेहरा पडतो. तिला मी लगेच सांगते, की तुमच्या मुलात काही कमी नाही, तीन-साडेतीन वर्षांच्या पुष्कळ मुलांचं असंच असतं, घरात टीव्ही असो नसो. आकडे ओळीने म्हणता येणं आणि तीन म्हणजे नेमक्या किती शेंगा हे हाताला कळणं, यांत कित्येक महिन्यांचं अंतर असतं. ते अंतर शेंगा, चिंचोके, जिन्याच्या पायऱ्या मोजून तुटतं. "आज जेवायला चौघं आहोत, चार ताटल्या आण," असं रोज कुणीतरी म्हटल्याने तुटतं. टीव्हीने ओळ पाठ करून दिली, ठीक आहे. तिच्यापुढचं सगळं काम घरातल्या माणसाचं आहे आणि ते झालं नाही तर ती ओळ नुसतं गाणं होऊन राहते.

दोन वर्षांच्या आतल्या मुलांच्या बाबतीत तर मला वादच नको वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं, की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नये, एक ते दोन वर्षांच्या दरम्यानही दाखवू नये, आणि पुढे दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तर अधिक चांगलं. आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणंही जवळपास हेच आहे. दोन वर्षांपर्यंत काहीच नको, दोन ते पाच वर्षांपर्यंत फार तर तासभर, तेही मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली. अपवाद एकच, नातेवाईकांशी केलेला व्हिडिओ कॉल.

हा अपवाद का, हे आमच्या भागातल्या लोकांनी समजून घ्यायला हवं. माझी मुलगी मानसशास्त्र शिकवते. तिने मला अमेरिकेतल्या ट्रोसेथ आणि डीलोश या दोन संशोधक बाईंचं १९९८ मधलं काम वाचायला दिलं. त्यांनी काय केलं, तर शेजारच्या खोलीत एक खेळणं लपवलं. काही मुलांना ते लपवताना खिडकीतून बघू दिलं आणि काहींना तेच टीव्हीच्या पडद्यावर दाखवलं. खिडकीतून बघितलेली दोन वर्षांची मुलं सरळ जाऊन खेळणं काढून आणत. पडद्यावर बघितलेली त्याच वयाची बरीच मुलं खोलीत गेली आणि भलतीकडेच शोधत राहिली. डोळ्यांनी बघितलं होतं सगळं, पण पडद्यातली खोली म्हणजेच ही खोली, हे त्यांच्या मनात जुळलं नाही. अडीच वर्षांच्या मुलांना मात्र ते पुष्कळ जमलं. पुढे २००६ मध्ये ट्रोसेथबाईंनी आणखी एक प्रयोग केला. या वेळी पडद्यावरची बाई मुलाशी आधी पाच मिनिटं खरंखुरं बोलली. त्याचं नाव घेऊन, तो काय म्हणतो ते ऐकून, त्याला उत्तर देऊन. मग तिने खेळणं कुठे आहे ते सांगितलं. आता दोन वर्षांच्या मुलांनाही ते सापडायला लागलं.

खानापूर, आटपाडी या तालुक्यांतली किती माणसं गलाईच्या धंद्यात आहेत हे आपल्या वाचकांना माहीत असेल. सोनं-चांदी गाळायचं दुकान कुणाचं तामिळनाडूत, कुणाचं केरळात, कुणाचं पार बंगालमध्ये. मूल इकडे आजी-आजोबांपाशी. बापाचा रोज रात्री व्हिडिओ कॉल येतो, पण "जेवलास का, शाळेत गेलास का, आज्जीला तरास देऊ नगंस" यापुढे बोलणं जात नाही आणि पोरगं फोन टाकून पळून जातं. अशा एका घरात मी बापाला सांगितलं, की पोराशी खेळा. आजीने दुपारी चिक्कीचा तुकडा कुठेतरी ठेवायचा, बापाला गुपचूप फोन करून सांगायचं आणि रात्री बापाने पोराला सांगायचं, "पिठाच्या डब्यामागं बघ बरं काय हाय." दोन-अडीच वर्षांचं ते पोर फोन तसाच धरून स्वयंपाकघरात धावलं. चिक्की सापडली तेव्हा ती त्याने आधी फोनला दाखवली, मग खाल्ली. आता ते बापाला सांगतं, "पप्पा, तुम्ही बी लपवा, मी सांगतो." मागे, पुढे, खाली, वर, डब्याच्या आत, उशाखाली हे सगळे शब्द त्याला या खेळातून आले. हाही पडदाच आहे. पण त्याच्या पलीकडे त्याच्याशी बोलणारं, त्याचं ऐकणारं त्याचं माणूस आहे.

आता टीव्हीकडे येते. आमच्याकडच्या घरांत टीव्ही मुलासाठी फारसा लागतच नाही. तो मोठ्यांसाठी लागतो आणि मूल त्या खोलीत असतं. संध्याकाळी सातपासून मालिका सुरू होतात. घर दोन खोल्यांचं, बाहेर यंत्रमागाचा खडखडाट, म्हणून आवाज आणखी मोठा. आई म्हणते, "तो कुठं बघतोय बाई? त्याचं आपलं खेळणं चाललेलं असतंय." ही समजूत फार घातक आहे. २००८ मध्ये अमेरिकेत एक ते तीन वर्षांच्या मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलं खेळण्यांशी खेळत होती आणि तासातला अर्धा वेळ खोलीत मोठ्यांचा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम लावून ठेवला होता. मुलं त्याकडे फारशी बघत नव्हती, क्षणभर मान वर करायची आणि पुन्हा खेळायला लागायची. तरी तेवढ्याने खेळ तुटत होता. एकाच खेळण्यात ती जितका वेळ रमायची, तो वेळ टीव्ही चालू असताना कमी झाला. त्याच संशोधकांनी पुढच्या वर्षी दाखवलं, की मागे टीव्ही चालू असला की आईवडील मुलाशी कमी बोलतात आणि त्याच्या बोलण्याला प्रतिसादही कमी देतात.

हे मला कागदावर वाचायची गरज नव्हती, इतकं ते मी घरोघरी पाहिलं आहे. पोरगी भातुकली मांडते. चूल पेटवते, कणीक मळल्यासारखं करते, "आज्जी, चा घे" म्हणून वाटी पुढे करते. आजीचे डोळे पडद्यावर. पोरगी पुन्हा म्हणते, "आज्जी, चा घे की." आजी न बघता वाटी घेते आणि खाली ठेवते. "साखर कमी पडली गं" असं एक वाक्य आजी बोलली असती, तर पोरगी उठली असती, साखर आणली असती, किती चमचे ते विचारलं असतं, खेळ पाव तास पुढे गेला असता. वाटी खाली ठेवली, खेळ संपला. पोरगीही मग आजीच्या मांडीला टेकून मालिकेतलं भांडण बघत बसते. तीन-चार वर्षांच्या मुलाचा अभ्यास म्हणजे हाच खेळ असतो, आणि तो आपण रोज संध्याकाळी मोडतो.

आमच्या शेजारच्या कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव सगळ्या महाराष्ट्राला माहीत झालं ते याच वेळेमुळे. १५ ऑगस्ट २०२२ पासून त्या गावात संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि घराघरातले टीव्ही, मोबाइल बंद होतात. साडेआठला पुन्हा भोंगा होतो तोवर मुलं अभ्यास करतात, माणसं एकमेकांशी बोलतात. याची बातमी देताना सगळ्यांनी मुलांच्या अभ्यासावर भर दिला. मला त्यात मोठं वाटलं ते हे, की गावाने मोठ्यांचा टीव्ही बंद केला. मुलाला "तू बघू नको" म्हणून आपण बघत बसायचं, ही सोय भोंग्याने ठेवली नाही. प्रत्येक गावाला भोंगा जमेल असं नाही, शहरात तर कठीणच. पण एक साधी गोष्ट मी सासवांना सांगते आणि ती बऱ्याच जणींना पटते. संध्याकाळच्या बहुतेक मालिकांचा तोच भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवतात. नातवंड अंगणवाडीत असेल किंवा दुपारी झोपलं असेल तेव्हा तो निवांत बघा, एक शब्द चुकणार नाही. सुनेने हे सांगितलं तर घरात वाद होतो, म्हणून मीच सांगते. सुनांच्या हातात रिमोट नसतो, हे 'आईने लक्ष द्यावं' असं लिहिणाऱ्या आपल्या वाचकांनी ध्यानात घ्यावं.

जेवणाचंही इथेच सांगते. "टीव्ही लावल्याशिवाय घास उतरत न्हाई" हे वाक्य प्रत्येक बैठकीत येतं. घास उतरतो, पण काय खाल्लं आणि पोट भरलं का, हे मुलाला कळत नाही. आणि वरणाला वरण, भाकरीला भाकरी म्हणायची वेळ निघून जाते ती वेगळीच. ही सवय दोन-तीन दिवसांच्या रडारडीनंतर जाते. त्या दिवसांत घरातल्या सगळ्यांनी एकच धरून ठेवायचं असतं. एकाने बंद करायचा आणि दुसऱ्याने कळवळून लावायचा, असं झालं तर महिना गेला तरी सुटत नाही.

मग टीव्ही कसा दाखवावा? माझं ठाम मत आहे, की तीन वर्षांनंतर चांगला कार्यक्रम नीट दाखवला तर मूल त्यातून खूप घेतं. आता बऱ्याच अंगणवाड्यांच्या भिंतीवर टीव्ही आला आहे. काही ठिकाणी सेविकेला फोनवर नोंदी भरायच्या असतात म्हणून तो लावून मुलांना बसवून ठेवतात. त्या बाईंना मी दोष देत नाही, त्यांच्यावर कामाचा बोजाच तसा आहे. पण एका अंगणवाडीत मी सेविकेबरोबर बसून एक वेगळा प्रयोग केला. बी रुजतं कसं याची चार-पाच मिनिटांची फिल्म होती. बी मातीत आहे, फुगलं आहे, साल तडकली आहे. तिथे तिने रिमोटने चित्र थांबवलं आणि विचारलं, "आता काय हुईल रं?" एक म्हणाला, "फुटंल!" एक म्हणाली, "साप निघंल!" सगळी हसली. चित्र पुढे गेलं, पांढरं मूळ बाहेर आलं, वळलं, आणि साप म्हणणारी ओरडली, "निघाला की!" खरंच तसं दिसत होतं. सेविका म्हणाली, "साप हाय का मूळ हाय? कुठं चाललंय बघा, वर का खाली?" एवढं बोलून तिने पुढचं दाखवलं आणि टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी तीच फिल्म लावली. मोठ्यांना वाटतं, की कालचं आज परत कशाला, मुलं कंटाळतील. या वयाची मुलं कंटाळत नाहीत. दुसऱ्या दिवशी ती पडद्याच्या आधी बोलतात, पुढे काय होणार ते शेजारच्याला सांगतात, काल न दिसलेलं त्यांना आज दिसतं. अमेरिकेत निकलोडियन वाहिनीवर १९९६ मध्ये 'ब्लूज क्लूज' नावाचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा त्यांनी एकच भाग सोमवार ते शुक्रवार रोज दाखवायचं ठरवलं होतं. पाच दिवस तोच भाग बघणाऱ्या मुलांचा अभ्यास झाला, आणि दिवसागणिक मुलांना जास्त कळत गेलं, ती कार्यक्रमाला जास्त उत्तरं देत गेली, असं दिसलं. आपल्याकडे मूल एखादी गोष्ट रोज तीच सांगायला लावतं तेव्हा आजी वैतागते, पण त्याचं कारण हेच आहे.

तिसऱ्या दिवशी आम्ही मटकी आणली. मुलांनी हाताने निवडली, भिजत घातली, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधली. सकाळी फडकं सोडलं तर जो तो डोकं खुपसायला लागला. "बाई, शेपूट आलं!" "माझ्या मटकीला मोठं आलंय!" तीन दिवस बघितलेली फिल्म त्यांना आता कामाला आली, कारण मूळ म्हणजे काय आणि ते खाली का जातं हे तीच आम्हाला सांगत होती. घरी जाऊन त्यांनी आयांना मटकी भिजवायला लावली, आणि एरवी उसळीला तोंड न लावणाऱ्यांनी ती खाल्ली. सगळा मिळून टीव्ही किती वेळ चालला? रोज दहा मिनिटंसुद्धा नाही.

चित्र थांबवणं, विचारणं, मुलाला बोलू देणं या तीन गोष्टींना संशोधनाचाही पाठिंबा आहे. २०१३ मध्ये ट्रोसेथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना हेच शिकवलं, की गोष्टीचा व्हिडिओ लावा, मध्ये थांबवा, प्रश्न विचारा, मुलाने सांगितलेलं थोडं वाढवून परत सांगा. काही पालकांना नेहमीसारखा नुसता व्हिडिओ लावायला सांगितला. चार आठवड्यांनी बघितलं तर प्रश्न विचारणाऱ्या घरांतल्या मुलांना गोष्ट जास्त समजली होती आणि त्यातले शब्दही जास्त आले होते. व्हिडिओ तेच, मुलं त्याच वयाची. फरक होता तो शेजारच्या माणसाचा. याला शिक्षण लागत नाही, हे मला विशेष करून सांगायचं आहे. अक्षरओळख नसलेल्या आज्या हे उत्तम करतात, कारण गोष्ट सांगताना मध्येच थांबून "मग रं काय झालं असंल?" विचारायची सवय त्यांना आहेच. ती टीव्हीसमोर वापरायची एवढंच.

कार्यक्रम निवडताना मी पालकांना दोन-तीन गोष्टी बघायला सांगते. चित्र भराभर बदलतं का? एका गोष्टीवर ते जरा टिकलं पाहिजे, नाहीतर मूल नुसतं डोळे विस्फारून बसतं आणि विचारायला मोकळी जागाच उरत नाही. त्यात मुलाने करण्यासारखं काही आहे का? आणि भाषा. कार्टून बहुतेक हिंदीतली, त्यामुळे विट्यातली चार वर्षांची पोरं आपसांत "चलो चलो, बचाओ" करत खेळतात. हिंदी आली तर चांगलंच आहे. पण टीव्हीवरचं आजीशी बोलायला त्यांच्याकडे शब्द नसतात, आणि आजीला ते कार्टून कळत नाही, मग शेजारी बसून बोलणार कोण आणि काय? म्हणून या वयाला तरी कार्यक्रम घरातल्या भाषेत हवा. जाहिराती आल्या की आवाज बंद करा, कारण कार्यक्रम कुठे संपला आणि चॉकलेटवाल्याने बोलायला कुठे सुरुवात केली, हे एवढ्या लहान मुलांना कळत नाही. नव्या टीव्हीवर यूट्यूब असतं, तिथे एक संपलं की दुसरं आपोआप सुरू होतं. ते आपोआप सुरू होणं सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतं. घरातल्या कॉलेजच्या पोराला सांगा, मिनिटभराचं काम आहे. झोपायच्या आधी तासभर मात्र काहीच नको.

हे झालं घराचं. आता सरकारकडे आणि दूरदर्शनकडे माझं मागणं आहे, आणि ते आपल्यामार्फत पोचावं म्हणून या पत्राचा खटाटोप.

१९६९ मध्ये अमेरिकेत टीव्हीवर 'सेसमी स्ट्रीट' सुरू झालं ते तीन ते पाच वर्षांच्या, विशेषतः गरीब घरांतल्या मुलांसाठी. लेखक आणि बालशिक्षणातले जाणकार एकत्र बसून ते करत. त्यातले तुकडे आधी मुलांना दाखवून बघत. टीव्हीच्या शेजारी दुसऱ्या पडद्यावर दर सात-आठ सेकंदांनी बदलणारी चित्रं लावत, आणि मुलाची नजर टीव्हीवरून कुठल्या क्षणी तिकडे जाते, ते टिपून ठेवत. जिथे नजर जाई तो तुकडा बदलत. एवढी मेहनत लहान मुलांसाठी कुणीतरी घेतली! आपल्या देशात त्याचाच 'गली गली सिम सिम' हा अवतार २००६ मध्ये आला आणि चांगला होता, पण हिंदीत. मराठीत काय? १९८४ मध्ये पुण्यात 'बालचित्रवाणी' सुरू झाली. शाळकरी मुलांसाठी मराठीत शैक्षणिक कार्यक्रम करून ती ते दूरदर्शनवर दाखवत असे. आमच्या पिढीतल्या शिक्षकांना शाळेतल्या त्या टीव्हीभोवती बसलेले वर्ग आठवत असतील. पैशाअभावी ती संस्था आधी थंडावली आणि २०१७ मध्ये बंदच झाली. मला त्याचं आजही वाईट वाटतं. राज्याच्या मुलांसाठी मराठीत कार्यक्रम करणारं एक घर होतं, ते गेलं, आणि फार कुणी आरडाओरडा केला नाही.

मराठीत होऊ शकत नाही असं म्हणावं, तर कोरोनाच्या काळात, जुलै २०२० मध्ये, एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने केलेली 'टिलीमिली' मालिका सह्याद्री वाहिनीवर आली. पहिली ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांवर होती. फळ्यापुढे उभं राहून शिकवणारं त्यात कुणी नव्हतं. घरातली, परसातली, शेतातली साधी कामं करत मुलं आणि मोठी माणसं मिळून शिकताना दिसायची. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता त्या घरांतही ती पोचली. आमच्या गल्लीत पहिलीतल्या मुलीचा भाग लागला, की तिचा चार वर्षांचा भाऊ आणि आजोबा दोघंही बसायचे, आणि नंतर तिघं मिळून अंगणात तेच करायचे. पहिलीच्या खालच्या वयासाठी मात्र त्यात काही नव्हतं. तीन ते सहा वर्षांची मुलं तेव्हाही घरातच होती आणि अंगणवाड्याही बंद होत्या.

म्हणून सह्याद्री वाहिनीने या वयासाठी रोज अर्धा तास द्यावा. सकाळी एकदा, संध्याकाळी मालिकांच्या आधी पुन्हा एकदा. जाहिराती नकोत. आठवडाभर एकच भाग असावा, म्हणजे खर्चही एकाच भागाचा होईल. भाषा मराठीच, पण एकट्या पुण्याची नको. कधी माणदेशी, कधी वऱ्हाडी, कधी मालवणी बोलणारी माणसं त्यात असावीत. शेवटची दोन-तीन मिनिटं शेजारी बसलेल्या मोठ्या माणसासाठी ठेवावीत, की आज जे दाखवलं त्यातलं घरात काय करून बघता येईल. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडच्या पाड्यांवर शंख, शिंपले, बिया, पानं घेऊन बालवाडी उभी केली. त्या परंपरेतली अनुभवी माणसं या राज्यात आजही आहेत, त्यांना सुरुवातीपासून लेखकांच्या टेबलावर बसवावं. महिला व बालविकास विभागाने अंगणवाडीतल्या टीव्हीवर हाच कार्यक्रम लागेल अशी व्यवस्था करावी, आणि सेविकेला तेवढा अर्धा तास नोंदींतून मोकळं करावं.

आणि आपल्या दैनिकाकडे एक मागणं. कार्यक्रमांचं वेळापत्रक आणि मालिकांच्या बातम्या आपण छापता, तिथेच रविवारी एक छोटी चौकट द्या: या आठवड्यात तीन ते सहा वर्षांच्या मुलांबरोबर बसून बघण्यासारखं काय, कुठल्या वाहिनीवर, किती वाजता, आणि बघून झाल्यावर मुलाला विचारायचे दोन प्रश्न. पहिल्या काही चौकटींचे प्रश्न मी लिहून पाठवायला तयार आहे, मानधन नको. जूनच्या आत सुरू झाली तर अंगणवाड्यांच्या पहिल्या पालकसभेत मी ती कापून वाटेन.

आपली,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका,
विटा, जि. सांगली